वाकडा टाका आणि सैल टाका

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात बेळगाव येथे भरलेल्या पालकसभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त संस्थेने आठ ते तेरा वर्षांच्या मुलींसाठी शिवणाचा आणि गोधडीचा कायमचा वर्ग चालवावा, असा ठराव विश्वस्तांपुढे आला आहे. गेली काही वर्षे रविवारी सकाळी संस्थेच्या मागच्या खोलीत मी असा एक छोटा वर्ग घेत आले, म्हणून या विषयावर मी चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला. ठरावाला माझा पाठिंबा आहे, हे वेगळे सांगायला नको. मात्र त्यात आणखी दोन कलमे आहेत. एक, वर्ग फक्त मुलींसाठी असावा. दुसरे, वर्षअखेर गोधड्यांचे प्रदर्शन भरवून, त्यांना क्रमांक देऊन, नंतर त्या विकून येणारी रक्कम महोत्सव निधीत जमा करावी. हेतू चांगलाच आहे. तरीही ही दोन्ही कलमे बदलावीत अशी विनंती करायला मी उभी आहे. तसे का, हे आपण शांतपणे ऐकून घ्यावे.

प्रथम मुलींविषयी. आपल्याकडे शिवणाचे शिक्षण घराबाहेर आले ते स्त्रीशिक्षणाचा हात धरून. पुण्यात १९०९ साली सेवासदनाची स्थापना झाली, त्यात रमाबाई रानडे यांचा पुढाकार होता. वडोदऱ्यात महाराणी चिमणाबाईंच्या नावाने १९१४ साली स्त्री उद्योगालय निघाले. या संस्थांमधून शिवणकाम हे पोट भरण्याचे साधन म्हणून शिकवले गेले. ज्या बाईला कोणाचाच आधार नव्हता तिच्या हातात सुई आली, आणि सुईमागून चार पैसे आले. त्या पिढीचे हे ऋण मोठे आहे.

पुढे मात्र शिवणाला दुसरेच रूप आले. ते मुलीच्या लग्नाच्या बाजारातले एक प्रमाणपत्र झाले. दाखवायला आणलेल्या मुलीला "स्वयंपाक येतो का, शिवण येते का?" असे विचारायचे, आणि तिने भरलेला रुमाल पाहुण्यांपुढे ठेवायचा. आपल्या घरांतून ही रीत गेली ते उत्तम झाले. माझी तक्रार एवढीच की, रीत गेली तिच्याबरोबर सुईही गेली. मुलींवरचे ओझे उतरवायचे होते, तर त्यातले अर्धे मुलांच्या हातात द्यायला हवे होते. तसे न करता आपण दोघांचेही हात रिकामे ठेवले. आज शाळेच्या सदऱ्याचे एक बटण तुटले, तर घरातली चार माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि सदरा बाजूला पडतो.

शिवण हे बायकी काम, असे म्हणणाऱ्याने आपल्याच पेठेतून एक फेरी मारावी. यंत्रापुढे बसलेले, मानेभोवती टेप टाकलेले शिंपी बहुतेक पुरुषच आहेत. संत नामदेव (१२७० ते १३५०) शिंपी कुळातले. त्यांची पदे पुढे शीख पंथाच्या गुरू ग्रंथसाहिबातही समाविष्ट झाली. कापड बेतणाऱ्यांच्या घरात जन्म झाला म्हणून त्यांच्या थोरवीत काही उणे आले नाही. मग आपल्या मुलाने बटण लावले म्हणून त्याच्या पुरुषार्थात काय उणे येणार आहे?

आता गोधडीकडे वळते, कारण मुलांना शिवण शिकवायला तिच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही. सदरा शिवायचा तर मापे हवीत, बेतणे हवे, बाही नीट बसली नाही तर सगळेच कापड वाया. गोधडीत वाया जाण्यासारखे काही नसते. जे कापड एरवी फेकले असते तेच आपण वापरतो. तिला लागणारा टाकाही एकच, साधा धावदोरा. सुई खाली, सुई वर.

तरी या साध्या वस्तूत हिशेब किती आहे पाहा. जुने नऊवारी लुगडे घ्या. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार समान भाग करून एकावर एक ठेवले की, दोन मीटरहून थोडी अधिक लांब अशी चार थरांची गोधडी तयार होते. एका माणसाच्या पांघरुणाला ती पुरते. हे मी मुलांना सांगत नाही. लुगडे त्यांच्यापुढे पसरते, टेप हातात देते आणि विचारते, "सांगा, किती घड्या घालू?" भागाकाराचा कंटाळा करणारी मुलेही गुडघ्यांवर बसून मोजू लागतात. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण सगळे ऐकत आलो. अंथरूण स्वतः मोजून शिवलेल्या मुलाला ती समजावून सांगावी लागत नाही.

मग दुसरा प्रश्न येतो. चार पातळ थरांना एवढी ऊब कशी? ऊब जितकी कापडाची तितकीच थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते. ही हवा बाहेर जात नाही म्हणून अंगाची उष्णता आत राहते. मग टाके कशाला? तर थर एकमेकांवरून सरकू नयेत, आतले कापड धुताना एका कोपऱ्यात गोळा होऊ नये, म्हणून. शिवाय जुने कापड कुठे ना कुठे विरलेले असतेच. टाके जवळजवळ असले की एक थर फाटला तरी बाकीचे त्याला धरून ठेवतात. कारण समजले की मूल टाके आपण होऊन जवळ घालते, दर टाक्याला सांगावे लागत नाही.

आपल्या या भागात तर गोधडीची विद्या दारात आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि त्यामागून येणारी थंडी यांना इथल्या बायांनी पिढ्यानपिढ्या वाकळीने तोंड दिले. पिके घरात आली, उन्हे तापू लागली की चार जणी एकत्र बसून वाकळ घालायच्या, म्हणजे पावसाळ्याआधी ती तयार होई. आपले कन्नड बोलणारे शेजारी तिलाच कौदी म्हणतात. नाव निराळे, सुई एकच.

आणि खानापूर, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बांधवांकडची कवंदी ज्यांनी पाहिली नसेल, त्यांनी ती एकदा अवश्य पाहावी. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या पुष्कळांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले, आणि पुढे ते या जंगलांत येऊन राहिले. त्यांच्या बाया एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात. कडेने रंगीत तुकडे ठेवत, त्यांच्या कडा दुमडत, तुकडा आणि खालचे थर एकाच धावदोऱ्याने जोडत त्या फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे येतात. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची लहान फुले लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडीबोडकी वाटते. पोट जेमतेम भरणाऱ्या घरातही ही फुले चुकत नाहीत. आपल्या वर्गात मुले तुकड्यांची गोधडी करतात तेव्हा मी त्यांना याच पद्धतीने, कडेकडून आत यायला सांगते, आणि ही पद्धत कोणाची आहे तेही सांगते. एक फेरी पुरी झाली की काम किती उरले ते डोळ्यांना दिसते, म्हणून मुलांचा धीर सुटत नाही. प्रत्येक फेरीला कापड तळहाताने सपाट करायचे, एवढे मात्र विसरायचे नाही, नाहीतर सगळ्या सुरकुत्या मध्ये येऊन बसतात.

शिकवायचे कसे, याविषयी काही व्यावहारिक गोष्टी सांगते. घरी करून पाहण्यासारख्या आहेत.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला बारीक सुई देऊ नये. गोणपाटाचा तुकडा, बोथट दाभण आणि सुतळी द्यावी. खाली-वर ही लय हातात बसली की पुरे. सातव्या-आठव्या वर्षी मोठ्या नेढ्याची सुई द्यावी, आणि कापड चौकडीचे द्यावे. जुनी लुंगी किंवा चौकडीचा सदरा फार उपयोगी. रेघ आखावी लागत नाही, चौकडीची रेघच वाट दाखवते. एका चौकोनात दोन टाके, मग तीन, मग चार, असे वाढवत न्यावे. दोरा मुलाच्या हाताएवढाच लांब घ्यावा. लांब दोरा गुंततो आणि मूल वैतागते. दोरा ओवायला सुरुवातीला वेळ लागतो. लागू द्यावा. आपण ओवून दिला की मूल दर वेळी सुई घेऊन आपल्याकडे येते.

नवव्या-दहाव्या वर्षी बटण, हेम आणि उसवलेली शिवण. अकराव्या वर्षानंतर पिशवी आणि गोधडी. यंत्राची घाई नको. यंत्राचा वेग मुलाच्या विचारापुढे धावतो. धावदोरा आणि टीप हाताने नीट जमू लागली की यंत्र दोन दिवसांत येते.

डावखुऱ्या मुलाला उजवा हात वापरायला लावू नये. उजव्या हाताची मुले उजवीकडून डावीकडे शिवतात. डावखुऱ्याने डावीकडून उजवीकडे शिवावे, आणि शिकवणाऱ्याने त्याच्या समोर बसावे, म्हणजे आरशात पाहिल्यासारखे त्याला दिसते.

सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कोणी जागचे उठायचे नाही, हा आमच्या वर्गाचा नियम आहे. सुई तोंडात धरायची नाही, सदऱ्यात खोचायची नाही. कापड आधी धुतलेले असावे, कारण नवे कापड पाण्यात आटते आणि जुन्याला ओढते. सुती तुकड्याशेजारी नायलॉनचा गुळगुळीत तुकडा लावला तर तो लहान हातांना आवरत नाही. अंथरलेले थर आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत, मग शिवायला बसावे.

येथवरचे सगळे कोणीही शिकवू शकेल. यापुढची गोष्ट आपल्या मोठ्या माणसांना अवघड जाते, आणि आज मला बोलायचे आहे ते मुख्यतः तिच्याविषयी.

मुलाच्या शिवणात दोन प्रकारचे दोष असतात. एक वाकडा टाका आणि दुसरा सैल टाका. वाकडा टाका दिसायला वाईट, पण कापड धरून ठेवतो. सैल टाका वरून कितीही सरळ दिसला तरी ओढले की निघून येतो. आमच्या वर्गात परीक्षा एकच. शिवण पुरी झाली की मुलाने दोन्ही बाजूंनी कापड धरून स्वतः ओढून पाहायचे. टिकली तर काम झाले, मग ती सापासारखी वळलेली असो. सुटली तर उसवायची. उसवायचे तेही मुलानेच, एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून, कापड न फाडता. उसवणे ही शिक्षा नव्हे, तो शिवणाचाच एक भाग आहे, असे मी पहिल्या दिवशीच सांगते आणि आधी उसवायलाच शिकवते.

आपण मोठी माणसे नेमके उलटे करतो. सैल टाका आपल्या नजरेतून सुटतो आणि वाकडा टाका खुपतो. मूल झोपले की आपण तो हळूच उसवतो आणि सरळ घालून ठेवतो. मायेपोटीच करतो. पण सकाळी मुलाला काय दिसते?

वर्गात एक नऊ वर्षांचा मुलगा बहिणीला सोडायला येई आणि दारातच घुटमळे. एके दिवशी त्याच्या दप्तराचा पट्टा सुटला होता. मी त्याच्या हातात सुई आणि जाड दोरा दिला. अर्धा-पाऊण तास खपून त्याने पट्टा जोडला. टाके कसेही गेले होते, पण पट्टा धरून त्याने दप्तर उचलले, हलवून पाहिले, आणि ते टिकले. पुढच्या रविवारी तो आला, पण सुईला हात लावीना. पट्ट्यावरचे टाके पाहिले तेव्हा उलगडा झाला. ते सुरेख, सरळ, बारीक झाले होते. घरी आजींनी रात्री बसून नीट केले होते. मी आजींना भेटून म्हटले, "आजी, तुमच्या हाताची सर मला यायची नाही. पण तो पट्टा त्याने शिवला होता, आता तो तुम्ही शिवलेला झाला." आजी जरा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी केले ते कोणत्याही शिक्षणशास्त्रात शोभेल. उशीच्या अभ्र्याचे बटण तुटले होते, ते नातवापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "मला दोरा ओवता येत नाही रे आता. एवढे लावून दे." त्याने लावले. तिरपेच लावले. आजींनी त्याला हात लावला नाही. पुढच्या रविवारी स्वारी सर्वांच्या आधी हजर!

म्हणूनच प्रदर्शनाला आणि क्रमांकांना माझा विरोध आहे. मुलाची शिवण प्रदर्शनात मांडायची ठरली की घरात मोठ्यांचे हात शिवशिवू लागतात. मुलाचा टाका मला ओळखू येतो. सुरुवातीला मोठा, मध्ये लक्ष लागले की बारीक, आणि शेवटी जेवणाची वेळ झाली की पुन्हा मोठा. आईचा टाका या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. क्रमांक मिळतो तो आईच्या टाक्याला, आणि नाव लागते मुलाचे. मुलाला ते कळत असते. त्यातून ते एवढेच शिकते की आपल्या हातचे चारचौघांत दाखवण्याजोगे नसते. बटण तुटले की सदरा बाजूला टाकणारी माणसे अशीच तयार होतात.

विक्रीचेही तसेच. मुलाची पहिली गोधडी विकू नये. ती घरी जावी आणि रोज अंगावर घेतली जावी. त्यात आजीच्या लुगड्याचा काठ असेल, बाबांच्या जुन्या धोतराचा किंवा सदऱ्याचा थर असेल, बहिणीच्या परकराचा तुकडा असेल. धाकटे भावंड ती ओढत फिरेल, मग कुठेतरी ती फाटेल, आणि ज्याने शिवली तोच ठिगळ लावील. शिक्षण इथे पुरे होते. आभाळ फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपण हताशपणे म्हणतो. पण गोधडी काही आभाळ नव्हे. ती आपल्याला सांधता येते, हा भरवसा लहानपणी हाताला लागावा. दुसरी गोधडी करताना एखादे मूल आपणहून म्हणाले की, ही शेजारच्या बाळाला दुपटे म्हणून देतो, तर जरूर देऊ द्यावी. दान ते, जे देणाऱ्याच्या मनात आले.

निधीची अडचण मी जाणते. त्यासाठी आपण मोठ्यांनी गोधड्या शिवाव्यात आणि विकाव्यात. त्या शिवायला मीही बसेन. मुलांकडून मात्र निधी गोळा करू नये.

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याला नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे महात्माजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण उभारण्याचा विचार देशापुढे ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांजवळ शिकू द्यावे, असे सुचवले. धोरणे येतात आणि बदलतात. आपल्याला एक खोली, दोन तास आणि थोडा धीर पुरेसा आहे.

तेव्हा विश्वस्तांना माझी विनंती अशी. पहिले, वर्ग मुलामुलींसाठी एकत्र असावा. दुसरे, बारा मुलांमागे एक शिकवणारे माणूस असावे, आणि त्यांत पुरुषही असावेत. आपल्या सभासदांत निवृत्त शिंपीकाका आहेत, त्यांनी यावे. वडिलांनी मुलांबरोबर येऊन बसावे, येत नसेल तर शिकावे. तिसरे, संस्थेने सुया, रिळे, अंगुस्ताने, बोथट टोकाच्या कात्र्या आणि बसायला चटया द्याव्यात. कापड घरातून येईल, धुतलेले आणि जुने. चौथे, वर्षअखेर स्पर्धा न घेता एक संध्याकाळ ठेवावी. मुलांनी आपापल्या गोधड्या आणाव्यात, घडी उलगडून दाखवाव्यात, कोणता तुकडा कोणाचा ते सांगावे, आणि गोधडी खांद्यावर टाकून घरी न्यावी.

आणि आयांना, आज्यांना एक मागणे. येत्या वर्षात आपल्या घरात काही वाकडे टाके दिसतील. बटणे तिरपी बसतील, अभ्र्याच्या कडा नागमोडी होतील. ओढून पाहा. टिकत असतील तर हात लावू नका. त्याच अभ्र्यावर डोके ठेवून झोपा, आणि तोच सदरा घालून त्याला शाळेत पाठवा.